नाव झाकलेली कथा

कथास्पर्धेच्या नियमांत एक ओळ हमखास असते : कथेवर लेखकाने आपले नाव लिहू नये, ते वेगळ्या कागदावर द्यावे. शब्दमर्यादा, अंतिम तारीख आणि बक्षिसाची रक्कम यांच्या गर्दीत या ओळीकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. मला मात्र स्पर्धेचे खरे मोल याच नियमात दिसते.

1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा तेव्हाही दबदबा होता. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले आणि अक्षर ओळखू येऊ नये यासाठी कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. मानसन्मानाची नारळीकरांना वानवा नव्हती. नावाचा टेकू काढल्यावर कथा उभी राहते का, एवढेच पाहायचे होते.

बंगालमध्ये पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी ‘मंदिर’ ही कथा मामाच्या नावावर स्पर्धेला धाडली आणि ती पहिली आली. त्यांचे स्वतःचे नाव तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हते. एकाने नाव मोठे असताना ते झाकले, दुसऱ्याने नाव होण्याआधीच. परीक्षकांपुढे दोघांची फक्त कथा होती.

ही बंगाली स्पर्धा ‘कुंतलीन’ या केसांच्या तेलाच्या उत्पादकाने भरवलेली. अट अशी की कथेत तेलाचा उल्लेख हवा, पण ती जाहिरात वाटता कामा नये. 1896 मध्ये या स्पर्धेसाठी लिहिताना शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोसांनी काय केले? त्यांच्या कथेत कोलकात्यावर चालून येणारे वादळ अचानक नाहीसे होते आणि शेवटी उलगडते, की खवळलेल्या समुद्रात जहाजावरून कुंतलीनची बाटली ओतली गेली होती! पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाने लाटा निवतात, हे विज्ञान त्यांनी हसतहसत कामाला लावले. अट पाळायची म्हणून तेल कुठेतरी घुसडले नाही. कथाच त्यावर उभी केली.

उलट, गेल्या वर्षीच्या बक्षीसपात्र कथा समोर ठेवून लिहिणारेही असतात. एक ज्वलंत प्रश्न, एक मृत्यू, शेवटच्या परिच्छेदात धक्का. तिथे लेखकाचे नाव झाकलेले असते खरे, पण परीक्षकाची आवड ओळीओळीत उघडी पडते. अशा कथेला उत्तेजनार्थ मिळेलही. पण परीक्षक बदलले की ती कुणासाठी लिहिली होती, याचे उत्तर लेखकाकडेही उरत नाही. कुंतलीन तेल आज कुणाच्या डोक्याला नाही. बोसांचे ते वादळ मात्र अजून वाचले जाते.