सही नसलेलं कर्ज

माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जाच्या कागदांवर दोन सह्या होत्या, माझी आणि बाबांची. नोकरी लागल्यावर दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज आला की जीव हळहळायचा, पण अन्याय झाला असं कधी वाटलं नाही. सही माझीच होती ना.

देशाच्या कर्जावर पुढच्या पिढीची सही नसते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ५०.६५ लाख कोटी रुपयांचा खर्च मांडला, त्यातले १२.७६ लाख कोटी निव्वळ व्याजाचे. आणि तूट, म्हणजे जी कर्ज काढून भरायची, ती १५.६९ लाख कोटी. नवं कर्ज काढायचं आणि जवळपास तेवढंच जुन्याचं व्याज भरायचं.

जे अजून जन्मलेच नाहीत त्यांच्या नावावर खर्च करायचा हक्क आपल्याला आहे का? अमेरिकेच्या थॉमस जेफरसनने हा प्रश्न १७८९ साली मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात मांडला होता. मृत्यूचे तक्ते घेऊन त्याने चक्क गणित केलं: एका पिढीचा काळ १९ वर्षं, कर्जाची मुदत त्यापुढे नको. माझ्यातल्या इंजिनिअरला हे फार आवडलं. पण हाच माणूस १८२६ मध्ये लाखभर डॉलरहून जास्त कर्ज मागे ठेवून वारला, आणि ते फेडण्यासाठी पुढच्या वर्षी त्याच्या मळ्यावरच्या गुलामांचा लिलाव झाला. त्यांचीही कुठे सही नव्हती.

हे वाचल्यापासून मला वाटतं, सही नसलेली माणसं फक्त भविष्यात नसतात. आपल्या सरकारला कर्ज देतं कोण? मुख्यतः बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. माझ्या पीएफचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांमध्ये आहे. म्हणजे त्या १२.७६ लाख कोटींतला एक कण माझा. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना पीएफ नाही. मोबाइल रिचार्जवर मात्र त्या माझ्याइतकाच १८ टक्के जीएसटी भरतात. त्यातूनच मला व्याज मिळतं.

म्हणून 'तूट कमी करा' एवढं म्हणून भागत नाही. २०२०-२१ मध्ये तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी सरकारने ३ टक्क्यांचा हट्ट धरला असता, तर मावशींच्या घरी मोफत धान्य आलं नसतं. ते कर्ज योग्यच होतं. २०२५-२६ मध्ये तूट ४.४ टक्क्यांवर आणायचं उद्दिष्ट होतं, तेही मला पटतं. पण ती रेशन कापून आणायची की माझ्यासारख्यांकडून जास्त कर घेऊन? तत्त्व म्हणून मी दुसरंच उत्तर देईन, आणि मित्रांशी त्यावर तावातावाने भांडेनही.

फक्त, त्याच अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, वरचे टप्पेही बदलले. सरकारने सुमारे १ लाख कोटींचा महसूल सोडला. ऑफिसात त्या दिवशी कुणी काम केलं नाही. मीही फोनवर कॅल्क्युलेटर उघडून किती वाचतात ते दोनदा मोजलं, आणि संध्याकाळी बाबांना आनंदाने कळवलं.