ससा, शिकारी आणि आपण

ससा म्हटला की आपल्याला आठवतो तो कासवाशी शर्यत लावणारा, नाहीतर सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा. इथे मिशिगनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना मात्र ससा रोजचाच. डेकच्या पायऱ्यांखाली बसलेला, कापसाच्या बोळ्यासारखी शेपटी असलेला 'कॉटनटेल'. आणि याच सशाची इथे दरवर्षी १५ सप्टेंबर ते ३१ मार्च कायदेशीर शिकार चालते. बर्फ पडल्यावर खरी रंगत! बीगल कुत्रे माग काढतात, ससा मोठा वळसा घेऊन बहुधा निघाला त्याच जागी परत येतो, आणि तिथे शिकारी वाट पाहत उभा असतो.

हे ऐकले की आपल्या घरात पहिला उद्गार निघतो, "बिचारा! काय मिळतं या लोकांना?" माझीही भावना तीच आहे. पण माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ, पक्के शिकारी, हंगाम संपला की करवत घेऊन आपल्या रानात जातात. खाली जाड ओंडके आडवे-उभे रचायचे, मध्ये फटी ठेवायच्या आणि वर फांद्यांचा मोठा ढीग घालायचा. काही झाडे अर्धवट कापून वाकवायची, म्हणजे ती जिवंत राहतात आणि जमिनीलगत आडोसा होतो. हा कॉटनटेल स्वतः बीळ खणत नाही. उघड्यावर तो ससाण्याच्या, घुबडाच्या, कोल्ह्याच्या तोंडी जातो. बहुतेक ससे वर्षभरही जगत नाहीत. त्या ढिगाखाली मात्र त्यांना हिवाळा काढता येतो.

आता प्रश्न असा, की या गृहस्थांना काय म्हणायचे? मारणारा की राखणारा?

कुणी म्हणेल, खाटीकसुद्धा बोकडाला चारा घालतोच की! हेतू महत्त्वाचा. हे खरे आहे. पण त्या ढिगाखाली जगणारे सगळेच ससे बंदुकीपुढे येत नाहीत. शिवाय चिमण्या, साप, चिचुंद्र्याही तिथेच आसरा घेतात. १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. म्हणजे आपण मुलांना हरणे-पक्षी दाखवायला ज्या राखीव रानात नेतो, त्याच्या खर्चात शिकाऱ्याचाही वाटा असतो.

आणि आपण? आपण बंदूक हातात धरत नाही. पण आपले लॉन पाहा. कडेकोपऱ्यातले झुडूप उपटलेले, गवत दर आठवड्याला कापलेले, तणनाशक मारलेले. तिथे सशाला दडायला जागा नाही. आपण त्याला मारले नाही, फक्त जगायला काही ठेवले नाही.

हे अमेरिकेपुरते नाही. भारतात १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांना संरक्षण मिळाले. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्यही झाले. तरी आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ. कारण भोवतालची माळराने शेतीखाली आणि वस्तीखाली गेली, वरून विजेच्या तारा आल्या. नुसते 'मारू नका' म्हणून भागले नाही.

म्हणून शिकार योग्य ठरते का? माझ्या मते नाही. पोटासाठी गरज नसताना गंमत म्हणून घेतलेला जीव, शंभर ढीग रचले तरी जमाखर्चात वळता होत नाही. दहा जणांना जेवू घातले म्हणून अकराव्याला लुबाडायचा हक्क मिळत नाही, तसेच हे. पण उलटही तितकेच खरे: मी कुणाला लुबाडले नाही, एवढ्यावर मी दानशूर ठरत नाही.

आपली अहिंसा बहुतेक वेळा 'न करण्याची' असते. मांस खायचे नाही, बंदूक धरायची नाही. तिला फारसे कष्ट पडत नाहीत. पण ज्याला जीव घ्यायचा नाही, त्याच्यावरच खरे तर जागा राखण्याची जास्त जबाबदारी नको का? ते काम आपण शिकाऱ्यावर सोडून द्यावे आणि वर त्यालाच नावे ठेवावीत, हे मला पटत नाही.

करायचे तर फार नाही. बॅकयार्डचा एक कोपरा न कापता सोडावा. वादळात पडलेल्या फांद्या कचऱ्यात न देता तिथे रचाव्यात. गावाचे नियम आणि शेजारी यांना तेवढे सांभाळून घ्यावे लागेल! मुलांना हाताशी घ्यावे. जानेवारीत त्या ढिगापासून निघालेले पावलांचे ठसे बर्फावर दिसले, की अहिंसा म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.