परिक्रमेला चाक चालतं का?

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, की ओंकारेश्वरला नर्मदेच्या दक्षिण तटावर परिक्रमेचे संकल्प सोडले जाऊ लागतात. कुपीत मैयाचं जल भरायचं, कन्यापूजन करायचं, नदी उजव्या हाताला ठेवून पश्चिमेची वाट धरायची. नदी मध्ये कुठेही ओलांडायची नाही. विमलेश्वरहून नावेनं समुद्रमुखाशी पलीकडे मिठी तलाईला जायचं, उत्तर तटानं चढत अमरकंटक गाठायचं, उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटानं परत यायचं. या गर्दीत आता सायकलीही दिसतात. कॅरिअरला करकचून बांधलेल्या पिशव्या, हँडलला भगवा झेंडा, आणि स्वाराच्या तोंडी बहुधा मराठी. चालणाऱ्याला लागतात चार ते सहा महिने. सायकलवाला ते काम महिन्याभरात उरकू शकतो.

मग आश्रमाच्या ओसरीवर कुणीतरी विचारतंच: ही परिक्रमा झाली का?

या प्रश्नाची हेटाळणी करण्याचं कारण नाही. तो फार जुना आहे. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात वाहनावर बसून तीर्थाला जाण्याबद्दल कडक शब्द आहेत. ऐश्वर्याच्या तोऱ्यात, लोभानं किंवा मोहानं जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ ठरते, आणि बैलावर बसून जाणाऱ्याला तर थेट नरक सांगितला आहे. हा नियम एकट्या प्रयागापुरता की सगळ्या तीर्थांना लागू, यावर पुढच्या निबंधकारांचं एकमत झालं नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा सविस्तर विचार केला आहे. तो वाचताना लक्षात येतं की शास्त्रकारांचा रोख दोन गोष्टींवर होता. एक, दुसऱ्या जिवाच्या पाठीवर आपलं पुण्य लादणं. दुसरी, यात्रेत मिरवणं.

सायकल या दोन्हींत सहज बसत नाही. तिच्यात बैल नाही, घोडा नाही, तेल नाही. स्वाराचेच पाय तिला ओढतात. एकेकाळी कॅथलिक धर्मगुरू असलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी 1974 सालच्या ऊर्जा आणि समतेवरच्या पुस्तिकेत सायकलीची बाजू फार मनापासून मांडली होती. सायकलवरचा माणूस पायी माणसाच्या तिप्पट-चौपट वेगानं जातो आणि तरी शक्ती त्याच्या पाचव्या हिश्शानंच खर्चतो, हे त्यांना मोलाचं वाटलं, कारण या वेगासाठी दुसऱ्या कुणाचा वेळ किंवा रस्ता हिरावून घ्यावा लागत नाही. पुराणकारांसमोर असं वाहन नव्हतंच. असतं, तर त्यांनी त्याला रथाच्या रांगेत बसवलं नसतं, असं मानायला जागा आहे.

तपाचा मुद्दा काढला तर सायकलवाल्याची बाजू आणखी बळकट होते. नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचदरीतून पश्चिमेला 1312 किलोमीटर वाहते. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं अधिक उंच आहे. बसमधल्या यात्रेकरूला हा उतार कळतसुद्धा नाही. सायकलवाल्याला तो गुडघ्यांत कळतो. समुद्रापासून उगमापर्यंतचा सगळा उत्तर तट म्हणजे, मधले चढउतार सोडले, तर एक लांबच लांब चढ आहे. गिअर संपतात, चेन कुरकुरते, दिंडोरीच्या पुढे जंगलातल्या घाटात उतरून सायकल ढकलावी लागते. तिथे ती वाहन राहत नाही, ओझं होते.

म्हणजे श्रम आहेत, मिरवणूक टाळता येते, कुणाला पीडा नाही. तरीही प्रश्न मिटत नाही, कारण खरी अडचण वेगाची आहे.

स्पेनमध्ये सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या यात्रेनं हा हिशेब अंकांत मांडला आहे. तिथलं यात्रेकरूंचं कार्यालय पायी किंवा घोड्यावरून किमान 100 किलोमीटर पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र देतं. सायकलवाल्याला मात्र किमान 200 किलोमीटर लागतात. मोटारीनं येणाऱ्याला ते मिळत नाही. व्यवस्था म्हणून हे ठीक आहे, पण त्यात एक गृहीत लपलं आहे: वेगानं जे निसटतं ते अंतर वाढवून भरून काढता येतं. नर्मदेच्या काठी हे गृहीत टिकत नाही. जे निसटतं ते अंतर नसतंच मुळी. ती माणसं असतात.

परिक्रमा ही एकट्या परिक्रमावासीची साधना आहे, असं आपण शहरात बसून समजतो. काठावरच्या गावांत तिचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना शेत, गुरं आणि पोरंबाळं सोडून कधीच निघता येणार नाही, अशी हजारो माणसं दारात आलेल्याला सदाव्रत देऊन परिक्रमेत आपला वाटा घेतात. संध्याकाळी कुणी विचारतं, किती मूर्ती आहात? मग तेवढ्यांची डाळ, पीठ, मीठ, लाकडं येतात, किंवा घरातलंच जेवण वाढलं जातं. देणाऱ्यालाही ते व्रतच वाटतं. ही सगळी व्यवस्था पायाच्या मापानं उभी राहिली आहे. चालणारा दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जातो, त्याला थांबावंच लागतं, आणि तो कुठे थांबेल हे बहुतेक त्याच्या हातात नसतं. सायकलवाला सत्तर-ऐंशी किलोमीटर मारतो. मधल्या तीन गावांना त्याची घंटा ऐकू येते, एवढंच. रात्री मोठ्या गावातल्या लॉजमध्ये फोनवरून खोली घेतली, की त्यानं त्या दिवशी कुणाकडूनही काही घेतलेलं नसतं. आजच्या जगात हा स्वाभिमान समजला जातो. नर्मदेच्या काठी ती उणीव आहे, आणि ती स्पष्टपणे उणीव म्हटली पाहिजे.

आषाढीच्या आधी नाशिकहून आणि इतर शहरांतून सायकलींची वारी पंढरपूरला जाते. तिथेही हाच फरक दिसतो. पांडुरंगाचं दर्शन होतं, घाम गळतो, नामस्मरण होतं. पालखीच्या चालीनं चालणारी दिंडी मात्र त्यात नसते. दिंडीत म्हाताऱ्या माउलीच्या पावलांशी सगळ्यांना आपलं पाऊल जुळवावं लागतं.

पायी चालण्याच्या बाजूनं आणखी एक परंपरा आहे, शूलपाणीच्या झाडीची. या डोंगराळ अरण्यात परिक्रमावासीची लूट व्हायची, अंगावर लंगोटीपुरतं कापड उरायचं, आणि मैयानंच आपल्या हातातलं सोडवलं असं मानून तो पुढे निघायचा. आज त्याच भागातल्या आदिवासी वस्त्यांत यात्रेकरूला भाकरी मिळते, निवारा मिळतो. लुटीची कहाणी आता प्रत्यक्षापेक्षा प्रश्न म्हणून जास्त कामाची आहे. गिअर, पंप, ट्यूब, सुटे भाग, मोबाइलमधला नकाशा यांवर ज्याची भिस्त आहे त्यानं स्वतःला विचारावं: सायकल इथेच गेली, तर उरलेली वाट चालणार का? होय म्हणणाऱ्याची परिक्रमा कुणी नाकारू नये.

चालणाऱ्यांनीही फार ताठर राहण्यात अर्थ नाही, कारण ज्या काठाच्या नावानं ते बोलतात तो बराचसा पाण्याखाली गेला आहे. इंदिरा सागर धरणात 2004 साली हरसूद हे अख्खं गाव उठलं. सरदार सरोवराच्या जलाशयात शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं. नवं मंदिर गोरा गावाजवळ बांधलं. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली कित्येक आदिवासी कुटुंबं नदीपासून तुटली. जी माणसं सदाव्रत द्यायची, त्यांचीच चूल हलवली गेली. दक्षिण तटावर झाडीची वाट टाळणारे बडवानीहून खेतिया, शहादा, तापीकाठचं प्रकाशा, तळोदा असे डांबरी रस्त्यानं जातात, पायी असोत की सायकलवर. तिथे नर्मदा उजव्या हातालाच असते, पण मध्ये सबंध सातपुडा उभा असतो. न दिसणाऱ्या नदीला प्रदक्षिणा घालणं हे दोघांनाही सारखंच श्रद्धेवर सोपवावं लागतं.

परंपरेत तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची परिक्रमा सांगितली आहे. मार्कंडेय ऋषींनी उपनद्याही ओलांडल्या नाहीत, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घातला, असं मानतात. आज तवा किंवा हिरण पुलावरून ओलांडणाऱ्याला कुणी अडवत नाही. कोकणातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, टेंबे स्वामी, भारतभर पायी फिरले आणि 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चालायला निघाले. नोकरी-संसार सांभाळत ते तुकड्यातुकड्यानं चालले, घरी परतले, पुन्हा निघाले. काटेकोर नियमांत हे बसत नाही. पण त्यांनी काठावरच्या स्वयंपाकघरांत, नावाड्यांजवळ, शेतकऱ्यांच्या खळ्यावर घालवलेला वेळ त्यांच्या पुस्तकांच्या पानापानांत आहे, आणि गुजराती पुस्तकाला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वेगडांनी सलगपणा सोडला, गाठीभेटी सोडल्या नाहीत. सायकलवाल्यालाही निवड करायची आहे ती याच दोहोंत: रोज सत्तर-ऐंशी किलोमीटरांऐवजी तीस जावं, दुपारी हाक आली तर उतरावं, दिलेलं घ्यावं.

परिक्रमेत एक जागा अशी आहे जिथे ही निवडही उरत नाही. बसनं जाणाऱ्यांची बस विमलेश्वरला माणसं उतरवून सहसा भरूचच्या पुलावरून रिकामीच पलीकडे जाते. माणसांना मात्र नावेतच बसावं लागतं. नाव सुटते ती भरतीच्या वेळेवर. पाणी चढलं नाही तर थांबायचं, कधी रात्रभर, कधी त्याहून जास्त. तिथे महिनाभर चाललेला आणि दहा दिवस पेडल मारलेला, दोघेही एकाच पंगतीत जेवतात आणि नावाड्यानं हाक मारली की बरोबरच उठतात.