गांडीव हातातून का निसटलं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ३०

काल रात्री पावणेदहाला साहेबांचा मेसेज आला. उद्या दहाला पाच मिनिटं बोलू, एवढंच. मी जेवत होतो. आईने विचारलं, "अजून थोडा भात वाढू का?" आणि मी खेकसलो, "नको म्हटलं ना!" खरं तर मी आधी काहीच म्हटलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या दोघांना असंच 'पाच मिनिटं' बोलावलं होतं. घराचा हप्ता अजून बरीच वर्षं जायचाय. झोप लागणार कशी?

सकाळी गीता उघडली तर नेमका अर्जुन समोर. तोंडाला कोरड, अंगाला कंप, त्वचेचा दाह, धनुष्य हातातून गळतंय. तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? पण एक गोष्ट मी आजवर पाहिलीच नव्हती. समोर भीष्म-द्रोण असणार हे अर्जुनाला आधीपासून माहीत होतं. थोड्याच वेळापूर्वी तर त्याने स्वतः शंख फुंकला होता! रथ मध्यभागी गेल्यावर सैन्य तेच राहिलं, बदलली ती त्याची नजर. त्याला योद्धे दिसेनात, 'स्वजन' दिसू लागले. आणि लगेच पुढचं सगळं मनात उभं राहिलं: कुळाचा नाश, पाप, नरक.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात हेच मांडलंय. आपलं मन दोन प्रश्न विचारतं : यात माझं काय पणाला लागलंय? आणि मला हे झेपेल का? ताण या दोन उत्तरांमधून तयार होतो. तोच मेसेज मित्राने पाठवला असता तर मी अंगठा दाखवून भात मागितला असता.

म्हणून काय, 'पॉझिटिव्ह विचार कर' म्हणायचं? मला त्या सल्ल्याचा रागच येतो. युद्ध खरं होतं, हप्ताही खरा आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंत थंडी-ऊन नाहीच असं सांगत नाहीत; ते येतं-जातं, सोस, म्हणतात. सोसायचं म्हणजे मला आज तरी एवढंच कळलं, की आलेल्या मेसेजच्या पुढचा मजकूर आपण लिहायचा नाही.

आईची माफी मागितली. ती म्हणाली, "डबा विसरू नकोस."

ऑफिसला पोचलो, तर साहेबांनी बोलणं शुक्रवारवर ढकललेलं. आज बुधवार.

राम कृष्ण हरि.