मायनर निवडताना

बारावीनंतर मेजर विषयावर घरात आठवडाभर खल होतो. प्रवेशाच्या फॉर्ममधला मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, रकाना मात्र मैत्रिणीने काय भरलं ते पाहून भरला जातो. ही घाई महागात पडते असं मला वाटतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मेजर-मायनरची रचना महाराष्ट्रात आधी स्वायत्त महाविद्यालयांत आली आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही. विद्यापीठागणिक आकडा थोडा बदलतो, पण मायनरला वीस क्रेडिट धरले, तर थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास या हिशोबाने तीनशे तास वर्गातच जातात. घरचा अभ्यास वेगळा. एवढ्या वेळात एखादी भाषा बऱ्यापैकी शिकून होते. म्हणून ‘मायनर सोपा कुठला?’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. सोपा विषयही तेवढेच तास घेतो.

मग योग्य प्रश्न कोणता, ते दामोदर कोसंबींकडे पाहून कळतं. ते पेशाने गणितज्ञ. फर्ग्युसनमध्ये आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचं काम केलं. चलनात फिरणारं नाणं झिजतं आणि त्याचं वजन घटतं, एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या ढिगांना संख्याशास्त्र लावलं आणि नाण्यांचा काळाचा क्रम शोधला. इतिहासाला त्यांनी असा प्रश्न विचारला, जो निव्वळ इतिहास शिकलेल्याला सहसा सुचला नसता. कोसंबींची बुद्धी सगळ्यांकडे नसते, हे मान्य. पण दुसऱ्या विषयाकडून काय मागायचं, ते इथे स्वच्छ दिसतं. अर्थशास्त्राच्या मुलीने संख्याशास्त्र घेतलं, तर सरकारी आकडे कसे जमवले गेले हे तिला तपासता येईल. भूगोलाच्या मुलाने इतिहास घेतला, तर धरणाच्या नकाशाखाली बुडालेली गावं त्याला दिसतील. मेजरला जे विचारता येत नाही, ते विचारायला शिकवणारा मायनर घ्यावा.

आणखी एक व्यवहाराची बाजू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात मेजरप्रमाणेच मायनर विषयातही पुढे शिकण्याची वाट ठेवली आहे. अठराव्या वर्षी निवडलेल्या मेजरचा तिसऱ्या वर्षी कंटाळा आला, तर मायनरचा तो रकाना दार ठरू शकतो. नोकरीच्या मुलाखतीत मात्र गुणपत्रिकेवरच्या मायनरच्या नावाने फारसं काही होईल असं मला वाटत नाही. त्या विषयात केलेला एखादा नीट प्रकल्प दाखवता आला, तर होईल.

अर्थात निवड खरोखर विद्यार्थ्याच्या हाती असते का? पुष्कळ ठिकाणी मायनरची यादी शिक्षकांच्या वर्कलोडवरून ठरते. जो विभाग रिकामा पडतोय, त्याच्याकडे मुलं वळवली जातात. शिक्षकांच्या नोकरीची काळजी खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण तिचा भार पहिल्या वर्षाच्या मुलांवर टाकणं अन्यायाचं आहे. तासिका तत्त्वावरचे शिक्षक दरवर्षी बदलत असतील, तर उत्तम अभ्यासक्रमही कोरडा राहतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन हा विषय तिसऱ्या वर्षी कोण शिकवणार आहे, हे विचारावं आणि शेवटच्या सत्राचा अभ्यासक्रम मागून वाचावा. पहिल्या सत्रात सगळेच विषय ओळखीपुरते असतात. शेवटच्या सत्रातल्या पेपरांची नावं वाचून कुतूहल जागं होत नसेल, तर मैत्रीण बाजूच्या बाकावर असली तरी तो मायनर घेऊ नये.