परवानगी कोणाकडे मागायची?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. या दोन्ही कार्यांत माणसाची पुंजी आणि झोप खर्ची पडते, एवढाच तिचा अर्थ आपण सहसा घेतो. परंतु दोहोंत आणखी एक साम्य आहे. लग्न जसे एका घराचे नसते, तसे घरही एका माणसाचे नसते. त्याच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागून असते. त्याच्या वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात उतरते. तरीही घर वाढवण्याची वेळ आली की मनात पहिला प्रश्न येतो तो असा : जागा माझी, पैसा माझा, मग परवानगी कशाला? आणि श्रद्धावंत माणसाच्या मनात त्यामागून दुसरा येतो : परवानगीवाचून एखादी खोली चढवली, तर ते पाप आहे काय?

बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्ण्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. कुटुंब वाढते, मुलांची लग्ने होतात, पत्र्याच्या जागी स्लॅब येतो आणि काही वर्षांनी स्लॅबवर दुसरा मजला येतो. गावात इमारत बांधण्यापूर्वी अथवा पुन्हा उभारण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घ्यावी, असे ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्याचे ५२ वे कलम सांगते. परंतु ‘नमुना आठ’मध्ये नोंद झाली आणि घरपट्टीची पावती हाती आली की बांधकाम मंजूर झाले, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही होय. कर घेतला म्हणजे मंजुरी दिली असे होत नाही.

नीरेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा स्वभाव या भागातील शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाणी मिळाले की फुगते. तिच्यावरचा पाया पक्क्या मुरुमापर्यंत गेला नाही, तर भिंतींना तडे जातात. एका मजल्यासाठी खोदलेल्या पायावर दुसरा मजला चढवला, तर त्याचा भार सामाईक भिंतीच्या पलीकडे झोपलेल्या शेजाऱ्यालाही वाहावा लागतो. शिक्का कागदावर पडतो. पण मंजुरी देणाऱ्याने खरोखर पाहायचे असते ते हेच.

गावातील पुष्कळ कुटुंबांची मुले आता पुण्यात सदनिकांमध्ये राहतात. तेथे ग्रामपंचायतीच्या जागी महापालिका आणि तिच्या जोडीला गृहनिर्माण संस्था असते. संस्थेच्या समितीच्या लेखी परवानगीवाचून सदस्याने सदनिकेत वाढ वा फेरफार करू नये, असे आदर्श उपविधी सांगतात. हे नियम वरून लादलेले आहेत असे वाटते खरे. परंतु त्यांचे मूळ शेजाऱ्यांच्या एकत्र येण्यात आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत बांधवांनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. १९१८ साली वांद्र्याला साल्सेट कॅथॉलिक संस्था उभी राहिली. एकट्याला घर परवडेना म्हणून लोक एकत्र आले, आणि एकत्र राहायचे म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धर्मगुरूंच्या शिक्षणात शिकवल्या जाणाऱ्या जुन्या नीतिशास्त्रात एक मत प्रसिद्ध होते. काही कायदे निव्वळ दंडाचे असतात. ते मोडणारा सापडला तर त्याने दंड भरावा, परंतु त्याच्या सदसद्विवेकावर त्याचे ओझे नाही, असे ते मत. आज ‘आधी बांधू, मग दंड भरून नियमित करून घेऊ’ असे म्हणणारा मनुष्य नकळत याच मताचा आधार घेत असतो. घराच्या बाबतीत हा आधार टिकतो काय?

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, असे ठरले होते की घर कच्चे बांधल्यामुळे ते कोसळून मालक दगावला, तर बांधणाऱ्याला देहान्त शासन व्हावे. हा घर पडल्यानंतरचा न्याय झाला. जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायाचे ८ वे वचन मात्र घर बांधतानाच बोलते. नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, म्हणजे तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येणार नाही, अशी ती आज्ञा आहे. धाबे माझे आहे. परंतु पडणारा दुसराच कोणी असू शकतो. कठडा नसलेले धाबे आज कोणी पडले नाही म्हणून निर्दोष ठरत नाही. मालकीहक्काला येथे नकार नाही, मात्र त्या हक्काबरोबर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आली आहे.

ही जबाबदारी केवळ ग्रंथातली नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण प्राणास मुकले. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालले होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या माणसांनी काहीच पाडले नव्हते, काहीच बांधले नव्हते. त्यांच्यासमोर दंडाची पावती ठेवून काय होणार? म्हणूनच दुसऱ्याच्या जिवाशी गाठ असलेला नियम निव्वळ दंडाचा मानता येत नाही. तो सदसद्विवेकाला बांधतो, आणि जाणूनबुजून तो मोडणे हा शेजाऱ्याविरुद्धचा अपराध आहे.

याचा अर्थ कायद्याने दया दाखवू नये असा नाही. एक-दोन गुंठे घेऊन डोके टेकणाऱ्यांसाठी शासनाने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली. गरिबाचे छप्पर वाचावे हे योग्यच आहे. परंतु नियमित झाल्याच्या कागदाने कच्चा खांब पक्का होत नाही, हेही घरमालकाने विसरू नये.

दोष केवळ घरमालकाच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनानुसार कायदा हा सर्वांच्या हितासाठी केलेला, लोकांना जाहीर केलेला विवेकाचा आदेश असतो. अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवणारे कार्यालय, नियम न सांगता हात पुढे करणारा कर्मचारी, बलवंताचा मजला न पाहता दुर्बलाची पडवी पाडणारी यंत्रणा, हे सारे त्या आदेशाचाच भंग करतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ येथे काम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली, तेव्हा बांधणाऱ्यांबरोबर पालिकेचे अधिकारीही अटकेत गेले.

समित्यांनीही आपली मर्यादा ओळखावी. लहान घटकाला जे स्वतः करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, असे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रात मांडले. खांब, तुळया, सांडपाण्याचे नळ, जिने हा सर्वांचा विषय आहे. तेथे समितीने काटेकोर असावे. स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग कोणता, देवघर कोठे, हा कुटुंबाचा विषय आहे. जुन्या भांडणाचा सूड परवानगी अडवून उगवणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय.

मग कार्यालय वाईट असेल तर मी मोकळा झालो काय? कागदापुरता कदाचित माझा दोष कमी होईल. शेजाऱ्यापुरता होणार नाही. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, खांबाला वा पायाला हात लागणार असेल तर जाणत्या अभियंत्याचे मत घ्यावे, आणि तो ‘नको’ म्हणाला तर दुसरा, सोयीचे बोलणारा शोधू नये. नकाशा कार्यालयात नेण्यापूर्वी तो घेऊन शेजारच्या ओट्यावर बसावे. माझ्या बांधकामाने तुमचा उजेड अडतो का, पाणी तुमच्याकडे येते का, भिंतीला धोका वाटतो का, हे त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर मनापासून ऐकावे. अशी विचारपूस कोणत्याही कलमाने सक्तीची केलेली नाही. परंतु ती प्रामाणिकपणे केली, तर कोठे थांबायचे हे पुष्कळदा त्या ओट्यावरच समजते.