शेपटी कुणाच्या हातात?

मुंबईच्या लोकलच्या डब्यात वशीकरणवाल्या बाबाचा कागद कुठं ना कुठं चिकटवलेला असतोच. रूठा प्यार, घरगुती कलह, काम चोवीस तासांत. खाली मोबाइल नंबर. त्याला हसणारा शिकलेला माणूस घरी येऊन फोन उघडतो, तर तिथं वेगळी जाहिरात असते: छुपं संमोहन शिका, समोरच्याला पत्ताही लागणार नाही. इथं मात्र तो हसत नाही, फी विचारतो. बाबाच्या दाढीच्या जागी कॉलरचा माइक आला, मागणी तीच राहिली. दुसऱ्याचं मन मला हवं तिकडं वळावं आणि ते त्याला कळू नये.

या शिकवण्यांत हमखास घेतलं जाणारं नाव म्हणजे मिल्टन एरिक्सन (१९०१-१९८०). हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ सतराव्या वर्षी पोलिओनं अंथरुणाला खिळला होता. पडल्या पडल्या तो बहिणींचं बोलणं न्याहाळायचा. तोंडानं ‘हो’ म्हणणाऱ्याच्या आवाजात ‘नाही’ कसं लपलेलं असतं, हे त्याला तिथं कळलं. पुढं तो साध्या गप्पांतून, गोष्टींतून रुग्णांना संमोहित करू लागला. १९७५ मध्ये रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी त्याच्या बोलण्याच्या ढबी टिपून पुस्तक काढलं. मग ही दवाखान्यातली विद्या विक्रीच्या काउंटरवर आणि मुली पटवण्याच्या वर्गांपर्यंत पोचली.

एरिक्सन लहानपणीची एक गोष्ट सांगायचा. थंडीचे दिवस, वडील वासराला गोठ्यात ओढताहेत आणि वासरू पाय रोवून उभं. पोराला हसू फुटलं. ‘मग तूच ने,’ वडील म्हणाले. पोरानं वासराची शेपटी धरून त्याला उलट दिशेला, गोठ्याबाहेर ओढायला सुरुवात केली. हट्टी वासरानं जोर लावला आणि पोराला फरफटत घेऊन थेट गोठ्यात शिरलं.

गोष्ट गोड आहे, कारण गोठ्यात ऊब होती. पण शेपटी खाटकालाही धरता येते, आणि वासराला दोन्ही वेळी आपणच जिंकलो असं वाटतं. ‘आधी दूध की आधी अंघोळ?’ असं विचारणारी आई हीच युक्ती वापरते. ‘साहेब, हप्ता पाच तारखेचा ठेवू की दहाचा?’ असं विचारणारा विक्रेताही तीच वापरतो. साहेब कॅलेंडर बघू लागतात; घ्यायचं की नाही हा प्रश्न राहूनच जातो.

हे सगळं खरंच चालतं का? जाहिरातीत सांगतात तसं नाही. ऐकणाऱ्याचं मन साथ देत नसेल, तर संमोहनाची फारशी मात्रा चालत नाही. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. १७८४ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईनं मेस्मेर या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे संमोहनाच्या पूर्वावताराची, चौकशी करायला समिती नेमली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हॉझिए तिच्यात होते. मेस्मेरचा शिष्य देस्लोन यानं फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड ‘भारलं’ आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला भलत्याच झाडांपाशी नेण्यात आलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड अजून लांबच होतं. चुंबकत्व वगैरे काही नाही, हा कल्पनेचा खेळ आहे, असा निकाल समितीनं जाहीर केला.

त्याच समितीनं राजाला दुसरा, गुप्त अहवालही दिला. अशा अवस्थेतल्या स्त्रीचा गैरफायदा सहज घेता येईल का, असं पोलीसप्रमुखानं विचारल्यावर देस्लोननं ‘होय’ असं उत्तर दिल्याची त्यात नोंद आहे. शक्ती खोटी होती, धोका खरा होता. तो चुंबकात नव्हताच; विश्वासानं जवळ येऊन बसलेल्या माणसाच्या बेसावधपणात होता.

एरिक्सनच्या दारात येणारा रुग्ण बरं व्हायला आलेला असे. समोरच्याला काय करता येतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो आला होता. दुकानात साबण घ्यायला गेलेला माणूस तसा आलेला नसतो. मग कसोटी ही: काय केलं ते नंतर समोरच्याला तोंडावर सांगता येईल का? आई मुलाला सांगू शकते, दोघं हसतील. विक्रेत्यानं सांगितलं तर सौदा मोडेल.

यात शिकणाऱ्याचंही नुकसान आहे, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं. बायको दिवसभराचं काही सांगत असताना ज्याचं लक्ष शिकवल्याप्रमाणे तिच्या श्वासाची लय पकडण्यावर असतं, त्याला ती काय सांगतेय ते ऐकूच येत नाही. घरातही त्याचा धंदा सुरूच राहतो.

यंत्रांनी ही विद्या केव्हाच आत्मसात केली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीतल्या अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. विमा नाकारताना ‘मी असुरक्षित राहीन’ अशा वाक्यावर बोट ठेवायला लावणं हे त्यातलंच एक उदाहरण. कायद्याचा हात दुकानापर्यंत पोचतो. ओसरीवर, कचेरीत, नात्यागोत्यात पोचत नाही.

तिथं आपलं आपल्यालाच बघावं लागेल. कुणी दोनच पर्याय समोर ठेवले तर ‘मला नकोच असेल तर?’ असं जरूर विचारा. आणि आपण कुणासमोर दोन पर्याय ठेवत असू, तेव्हा हा तिसरा न विचारता सांगून टाका.